ग्लासगोच्या कालव्याचा पुनर्जन्म

कालवा हा शब्द उच्चारला कीं महाराष्ट्रांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें धरणापासून निघालेला आणि उंसाच्या मळ्यांना पाणी देत जाणारा पाट उभा राहतो. पाणी शेतांत पोंचलें कीं त्या कालव्याचें काम झालें. परंतु ब्रिटनमध्यें अठराव्या शतकांत जे कालवे खणले गेले त्यांचा हेतु अगदीं निराळा होता. मालाच्या वाहतुकीसाठीं बांधलेले ते पाण्याचे रस्ते होते. कोळसा, लोखंड, धान्य, लांकूड असा जड माल नावांतून त्यांच्यावरून जाई, आणि काठच्या वाटेनें चालणारा घोडा ती नाव दोरानें ओढीत असे. पुढें रेल्वे आली, मागाहून मोटारी आल्या, आणि ह्या रस्त्यांचा उपयोग संपला. शेतीचा पाट निरुपयोगी झाला तर तो बुजवून त्यावर नांगर फिरवितां येतो; पण शहराच्या ऐन वस्तींतून गेलेला, पाण्यानें भरलेला, मैलोगणती लांबीचा खंदक निरुपयोगी झाला तर त्याचें करावयाचें काय? विसाव्या शतकांत हा प्रश्न युरोपांतील कितीतरी शहरांपुढें उभा राहिला. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरानें त्याचें जें उत्तर शोधलें तें विशेष बोधप्रद आहे. कारण तें एकदम सांपडलें नाहीं, आणि अद्यापही पुरतें लिहून झालेलें नाहीं.

स्कॉटलंडचा नकाशा पाहिला तर त्या देशाची कंबर फार बारीक आहे असें दिसतें. पश्चिमेकडून क्लाइडची व पूर्वेकडून फोर्थची खाडी भूमींत खोल शिरली आहे. एका समुद्रांतून दुसऱ्यांत जावयाचें तर जहाजांना उत्तरेकडील वादळी किनाऱ्याला वळसा घालावा लागे. हा वळसा चुकविण्यासाठीं जॉन स्मीटन ह्या प्रख्यात स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखालीं १७६८ सालीं पूर्वेकडील ग्रेंजमाउथ येथें खोदकामाला आरंभ झाला. १७७५ सालीं कालवा ग्लासगोजवळच्या स्टॉकिंगफील्ड ह्या ठिकाणीं येऊन पोंचला, आणि पैसा संपला! नऊ वर्षांनीं सरकारनें बंडखोर सरदारांच्या जप्त जहागिरींच्या पैशांतून ५०,००० पौंड दिले, तेव्हां कोठें रॉबर्ट व्हिटवर्थ ह्याच्या हातून उरलेलें काम पुरें झालें. १७९० च्या जुलै महिन्यांत फोर्थच्या पाण्यानें भरलेलें एक पीप पश्चिम टोकाला नेऊन क्लाइड नदींत रितें करण्यांत आलें. काशीची गंगा रामेश्वराला वाहण्याची प्रथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या विधीचें मर्म समजावून सांगावयास नको.

पस्तीस मैलांच्या ह्या मार्गावर ३९ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस भक्कम दारें असलेली पाण्याची दगडी कोठी. नाव खालच्या बाजूनें आंत शिरली कीं मागचें दार लावून घ्यावयाचें आणि वरच्या अंगाचें पाणी हळूहळू आंत सोडावयाचें. पाण्याबरोबर नावही वर चढते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली कीं पुढचें दार उघडतें आणि नाव वरच्या पाण्यावरून चालूं लागते. अशा पायऱ्या चढत हा कालवा समुद्रसपाटीपासून १५६ फूट उंचीवर जातो आणि पलीकडे तशाच पायऱ्यांनीं खालीं उतरतो. पाणी जमिनींत मुरूं नये म्हणून त्याच्या तळाला भिजवून तुडविलेल्या चिकणमातीचा जाड थर दिलेला असे. ग्लासगोच्या उत्तर भागांतील हॅमिल्टनहिल येथें ही माती खणून काढीत. ह्या मातीच्या खाणींचा उल्लेख पुढें पुन्हां यावयाचा आहे.

१८२२ सालीं ह्या कालव्याला एक भावंड लाभलें. राजधानी एडिंबरो येथून निघालेला युनियन कालवा फॉल्कर्क ह्या गांवापर्यंत आला. ह्यू बेअर्ड ह्यानें त्याची आंखणी इतक्या कौशल्यानें केली होती कीं डोंगरांच्या कडेकडेनें २४० फुटांची एकच उंची राखीत तो एकतीस मैल जातो आणि वाटेंत एकाही लॉकची गरज पडत नाहीं. मात्र फॉल्कर्कला पोंचल्यावर जुना कालवा ११० फूट खालीं राहिला होता. ही उतरण अकरा लॉकांच्या जिन्यानें साधण्यांत आली, आणि ग्लासगो व एडिंबरो हीं दोन शहरें पाण्यानें जोडलीं गेलीं.

ह्या कालव्यांवर केवळ मालच वाहिला असें नाहीं. विल्यम सिमिंग्टन ह्याच्या ‘शार्लट डंडास’ ह्या वाफेच्या नावेनें १८०३ सालीं सत्तर सत्तर टनांचे दोन पडाव सुमारे वीस मैल ओढून ग्लासगोला आणले. घोड्यावांचून नाव चालते हें सिद्ध झालें. पण तिच्या लाटांनीं कांठ ढांसळतील ह्या भीतीनें ती तशीच पडून राहिली. १८३४ सालीं एडिंबरोजवळ जॉन स्कॉट रसेल हा शास्त्रज्ञ घोड्यांनीं ओढलेल्या एका नावेचें निरीक्षण करीत होता. नाव एकाएकीं थांबली, आणि तिच्यापुढील पाण्याचा एक गुळगुळीत उंचवटा न मोडतां पुढें चालूं लागला. रसेलनें घोड्यावर बसून मैल-दोन मैल त्याचा पाठलाग केला. आकार न गमावतां दूरवर जाणाऱ्या त्या एकाकी लाटेचा अभ्यास आजच्या पदार्थविज्ञानांत एका स्वतंत्र शाखेएवढा वाढला आहे.

वैभवाला उतरती कळा लागण्यास मात्र फार काळ लागला नाहीं. १८४२ सालीं एडिंबरो आणि ग्लासगो ह्यांच्यामध्यें रेल्वे सुरू झाली. १८६७ सालीं तर एका रेल्वे कंपनीनेंच मोठा कालवा विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या घरीं गेलेल्या सुनेचे लाड व्हावयाचे नव्हते, आणि ते झालेही नाहींत. ग्लासगोच्या पोर्ट डंडास भागांत कालव्याच्या कांठीं वखारी, गिरण्या, साखरेचे व मद्याचे कारखाने दाटीवाटीनें उभे होते. त्यांचा माल हळूहळू रुळांवरून व सडकांवरून जाऊं लागला. १९३३ मध्यें फॉल्कर्कच्या अकरा लॉकांचा जिना मोडीत निघाला आणि दोन्ही कालव्यांची ताटातूट झाली. १९४८ सालीं कालवे राष्ट्राच्या मालकीचे झाले, परंतु मालक बदलल्यानें धंदा परत येत नसतो. एक नवा हमरस्ता कालव्यावरून न्यावयाचा होता. नावांसाठीं उंच किंवा उघडता पूल बांधणें महाग, आणि कालवा बंद करून रस्ता सरळ नेणें स्वस्त. हिशेब सोपा होता. १ जानेवारी १९६३ रोजीं फोर्थ आणि क्लाइड कालवा वाहतुकीस बंद झाला. दोन वर्षांनीं युनियन कालव्याची तीच गत झाली. एडिंबरोच्या वेस्टर हेल्स ह्या वसाहतींत तर मैलभर कालवा नळांत घालून वरून माती लोटण्यांत आली.

ह्या निर्णयाला केवळ कंजूषपणा म्हणणें अन्यायाचें होईल. कालव्याच्या कांठच्या गरीब वस्त्यांना तेव्हां तो हवासा वाटत नव्हता. पाणी सांचलेलें, त्यांत मोडक्या गाड्या आणि केरकचरा पडलेला, कठडा नाहीं, रात्रीं दिवा नाहीं. मुलें त्यांत बुडून मरत, आणि तो एकदांचा बुजवून टाका अशी मागणी होत असे. शिवाय उत्तर ग्लासगोंतील कित्येक मोहल्ल्यांमध्यें तो भिंतीसारखा आडवा पडला होता. समोरचें घर हांकेच्या अंतरावर, पण तेथें जावयाचें तर लांबचा फेरा. ज्या वस्त्यांच्या श्रमावर कालवा भरभराटला, त्यांच्या वांट्याला शेवटीं त्याचा धोका आणि दुर्गंधी एवढेंच उरलें. पुनरुज्जीवनाचा विचार करतांना ही गोष्ट विसरून चालत नाहीं. पाणी स्वच्छ करून त्यावर सहलीच्या नावा सोडल्या, पण कांठची भिंत तशीच राहिली, तर कालवा जगला असें म्हणतां येईल काय?

पहिली हालचाल हौशी लोकांनीं केली. १९७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ठिकठिकाणीं कालवाप्रेमी मंडळें निघालीं. सुटीच्या दिवशीं गुडघाभर चिखलांत उतरून हे लोक गाळ उपसूं लागले, मोकळ्या झालेल्या तुकड्यांवर नावा चालवूं लागले, अपंगांना जलविहार घडवूं लागले. पांच-दहा मैलांच्या त्या तुकड्यांनीं एक मोठें काम केलें: हा खंदक पुन्हां आनंदाची जागा होऊं शकतो हें त्यांनीं लोकांना प्रत्यक्ष दाखविलें. नव्या सहस्रकाच्या निमित्तानें राष्ट्रीय लॉटरीच्या पैशांतून मोठ्या कामांना साहाय्य मिळूं लागलें, तेव्हां ही संधि साधण्यांत आली. सुमारे आठ कोटी पौंड खर्चाच्या ह्या योजनेला त्यांपैकीं तीन कोटींहून अधिक रक्कम लॉटरीच्या निधींतून मिळाली, आणि १९९९ सालीं कामाला आरंभ झाला.

अडथळे पुष्कळ होते. नळांत घातलेला वेस्टर हेल्सचा कालवा पुन्हां उघड्यावर आणावा लागला. हमरस्त्यांखालून नवे मार्ग काढावे लागले. क्लाइडकांठच्या डालम्यूर येथें रस्ता इतका वर्दळीचा कीं तो उचलतां येईना आणि त्याची पातळीही वाढवितां येईना. तेथें अभियंत्यांनीं युक्ति लढविली. रस्ता जागच्या जागीं ठेवून त्यांनीं नावेलाच खालीं उतरविलें. नाव एका लांब कोठींत शिरते, कोठींतील पाणी कमी होतें, नाव खालीं जाऊन पुलाखालून निघते, आणि पाणी पुन्हां भरलें कीं पलीकडे आपल्या मूळ पातळीवर येते.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न फॉल्कर्कचा होता. मोडलेला अकरा लॉकांचा जिना पुन्हां बांधावा काय? त्याऐवजीं तेथें एक प्रचंड चाक उभारण्यांत आलें. ३५ मीटर उंचीच्या ह्या चाकाच्या दोन बाजूंना पाण्यानें भरलेल्या दोन कोठ्या आहेत. एक खालच्या पाण्याशीं, तर दुसरी वरच्या पाण्याशीं जुळते. चाक अर्धा फेरा फिरलें कीं खालची नाव २४ मीटर वर आणि वरची खालीं येते; उरलेली उंची वरच्या अंगाचे दोन लॉक भरून काढतात. शेंकडों टनांचें हें ओझें फिरविण्यास किती शक्ति लागत असेल, असें पाहणाऱ्याला वाटतें; पण आठ किटल्या पाणी उकळण्यास जेवढी वीज लागेल तेवढ्यांत हें काम भागतें. त्याचें कारण आर्किमिडीजनें बावीस शतकांपूर्वीं सांगितलेल्या नियमांत आहे. तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतकेंच पाणी बाजूला सारते. कोठींत नाव शिरली कीं तेवढ्याच वजनाचें पाणी बाहेर जातें; म्हणून एका कोठींत मोठी नाव आणि दुसरींत नुसतें पाणी असलें तरी दोन्हींचें वजन सारखेंच राहतें. तराजूचीं दोन पारडीं समतोल असलीं म्हणजे त्यांना हलविण्यास बोटाचा धक्काही पुरतो. २४ मे २००२ रोजीं राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या हस्ते ह्या चाकाचें उद्‌घाटन झालें. केवळ तें पाहण्यासाठीं आजवर लक्षावधि प्रवासी फॉल्कर्कला येऊन गेले. त्याच गांवाजवळ कालव्याच्या कांठीं २०१४ सालीं शिल्पकार अँडी स्कॉट ह्याचीं तीस मीटर उंचीचीं दोन पोलादी अश्वमुखें लोकांसाठीं खुलीं झालीं. एके काळीं जे घोडे ह्या वाटेनें नावा ओढीत त्यांचें तें स्मारकच होय.

प्रवासी आले, हॉटेलें चाललीं, वर्तमानपत्रांत छायाचित्रें झळकलीं. परंतु फॉल्कर्कच्या चाकानें उत्तर ग्लासगोंतील गृहिणीला काय मिळालें? ह्या प्रश्नाला ग्लासगोनें गेल्या कांहीं वर्षांत जें उत्तर देण्याचा प्रयत्न केला तोच ह्या कहाणीचा खरा गाभा आहे.

हॅमिल्टनहिल येथील मातीच्या ज्या खाणींचा वर उल्लेख आला, त्या काम संपल्यावर ओसाड पडल्या होत्या. माणसानें टाकून दिलेली जागा सृष्टीनें घेतली. तेथें झाडी माजली, पक्षी आले, हरणेंही वावरूं लागलीं. आसपासच्या रहिवाशांनीं ह्या जागेच्या रक्षणासाठीं मंडळ स्थापिलें, आणि सार्वजनिक पैशांतून पायवाटा, बसण्याच्या जागा आणि कालव्यावर एक पादचारी पूल होऊन २०२१ सालीं शहराच्या मध्यापासून अगदीं जवळ असलेलें हें राखीव वन सर्वांना खुलें झालें. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस स्टॉकिंगफील्ड येथें, म्हणजे १७७५ सालीं जेथें पैसा संपून काम थांबलें होतें तेथेंच, तारांनीं तोललेला एक डौलदार पूल लोकांच्या वापरांत आला. पायीं व सायकलीनें जाणाऱ्यांसाठीं असलेल्या ह्या पुलानें मेरीहिल, रकहिल आणि गिल्सॉकहिल ह्या तीन वस्त्या एकमेकींना जोडल्या. कालव्यानें पाडलेली ताटातूट दोनशेंहून अधिक वर्षांनीं मिटली. पोर्ट डंडासनजीक पिंकस्टन येथें कृत्रिम खळाळत्या प्रवाहांत होडी चालविण्याचें शिक्षण दिलें जातें. जवळपासच्या जुन्या इमारतींतून नाट्यसंस्था, कलावंत आणि संगीताचे विद्यार्थी नांदूं लागले आहेत.

ह्याहून महत्त्वाचें काम डोळ्यांना दिसत नाहीं. उत्तर ग्लासगोंत घरें बांधण्यास मोकळी जमीन होती, परंतु तेथील जुन्या गटारांत पावसाचें आणखी पाणी सामावण्याची शक्ति नव्हती. नवीं घरें उठविलीं तर पूर ठरलेला. तेव्हां कालव्यालाच पाण्याची कोठी करावी अशी कल्पना निघाली. हवामानाच्या अंदाजावरून मोठा पाऊस येणार असें कळलें कीं यंत्रांच्या साहाय्यानें कालव्याची पातळी आधींच दहा सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे चार बोटें, खालीं उतरवितात. मैलोगणती लांबीच्या पाण्यांत चार बोटांनीं केवढी जागा होते? तब्बल ५५,००० घनमीटर पाणी मावेल एवढी. ११० हेक्टर भागांतील पावसाचें पाणी त्यामुळें सामावून घेतां येतें, आणि पडीक जमिनीवर घरें उभीं राहूं शकतात. जो कालवा निरुपयोगी म्हणून बुजविण्याची भाषा चालली होती, तोच आतां शहराला पुरापासून वांचविण्याच्या कामीं लागला आहे.

आरोग्यावरही ह्याचा कांहीं परिणाम होतो काय, हें ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठांतील संशोधकांनीं लाखाहून अधिक रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी घेऊन तपासलें. गरीब वस्त्यांतील जे लोक कालव्यापासून ७०० मीटरांच्या आंत राहतात त्यांच्यांत हृदयविकार, मधुमेह आणि लठ्ठपणा ह्यांचें प्रमाण तशाच परिस्थितींत पण दूर राहणाऱ्या लोकांपेक्षां कमी आढळलें. पाण्याच्या सान्निध्यानें रोग पळतात असा ह्याचा अर्थ नव्हे. पण घराजवळ फिरावयास एक निर्वेध, झाडांची वाट असली तर मनुष्य चालतो, आणि चालणाऱ्याची प्रकृति सुधारते, एवढें अनुमान काढण्यास हरकत नसावी.

तथापि ह्या चित्राला दुसरी बाजू आहे. पाणी निर्मळ झालें कीं त्याच्या कांठच्या जमिनीला मोल येतें. जुन्या वखारींचीं सुंदर बिऱ्हाडें होतात, आणि भाडें वाढलें तर ज्यांनीं दुर्गंधी सोसली त्यांनाच सुगंधाच्या वेळीं घर सोडावें लागण्याचा धोका उत्पन्न होतो. लोकांना परवडणारीं घरें त्याच कांठावर किती बांधलीं जातात ह्यावर कालव्याचा लाभ कोणाला हें ठरावयाचें आहे. दुसरा प्रश्न निगेचा. उद्‌घाटनासाठीं पैसा मिळतो, पण पुलाच्या यंत्राला तेल देण्यासाठीं तो मिळतोच असें नाहीं. २०१८ सालीं बॉनीब्रिज आणि ट्वेकार येथील दोन उचलते पूल नादुरुस्त होऊन बंद पडले, आणि कोट्यवधि पौंड खर्चून जोडलेले दोन समुद्र पुन्हां तुटले. नावाड्यांनीं ताफा काढून निषेध केला; पुढें दुरुस्ती होऊन मार्ग मोकळा झाला. १२ ऑगस्ट २०२० रोजीं मुसळधार पावसानें युनियन कालव्याचा कांठ फुटला, आणि जवळची एडिंबरो-ग्लासगो रेल्वे वाहून गेलेल्या मातीमुळें सुमारे दोन महिने बंद राहिली. दोनशें वर्षांचा कालवा म्हणजे घरांतील वृद्धाप्रमाणें आहे. त्याचा उपयोग आहे, त्याची शोभाही आहे. पण त्याची रोज विचारपूस करावी लागते.

ग्लासगोच्या अनुभवाचें सार मोठें साधें आहे. कालव्याला गतवैभव परत देतां येत नाहीं; कोळशाच्या नावा आतां येणार नाहींत, आणि येऊंही नयेत. त्याला काळाला साजेसें नवें काम द्यावें लागतें. प्रवाशांना कौतुक दाखविणें हें त्यांतील एक काम झालें; पण पावसाचें पाणी सांठविणें, तुटलेल्या वस्त्या जोडणें, मुलांना पोहणें व होडी चालविणें शिकविणें, थकलेल्या माणसाला संध्याकाळीं बसावयास जागा देणें, हीं कामें त्याहून मोठीं आहेत. प्रवासी एकदां येतो आणि जातो. कांठचा रहिवासी रोज त्या पाण्याकडे पाहतो. कठडा मोडला तर प्रथम त्याच्याच लक्षांत येतें, आणि पैसा आटल्यावर कालव्याची बाजू घेऊन उभा राहावयाचा तोही तोच. ज्या शहरांना आपलें जुनें पाणी पुन्हां जिवंत करावयाचें आहे त्यांनीं पहिला विचार त्याचा करावा, हेंच शहाणपणाचें.